शेराला चार पानं

ज्या घरात मी जन्मले, वाढले आणि जिथून लग्न होऊन निघाले, ते घर आमचं नव्हतं. ते बाईंच्या सदावर्ताचं होतं. पाट, पराती, विहिरीचा पोहरा, आई ज्या चुलीवर आमची पेज ठेवायची ती चूल, सगळं सदावर्ताचं. हातातून भांडं पडून चेपलं तर आई भांड्याबद्दल बोलत नसे, "बाईंचं नुकसान केलंस" म्हणे. त्या बाई मी पाहिलेल्या नव्हत्या, आईनेही नव्हत्या पाहिल्या. पण मेलेल्या माणसाचा इतका धाक मी पुढे सासरीही पाहिला नाही, आणि सासरी धाकाला काही तोटा नव्हता. आता सत्तरी उलटली. दोन ओळी लिहिल्या की डोळ्यांना पाणी सुटतं आणि मान अवघडते. नातवाने वही आणून दिली आहे आणि रोज विचारतो, आजी, किती झालं? बाकीचं बरंच लिहून झालं. हे एवढं मी टाळत आले होते, आता टाळायलाही अंगात त्राण नाही.

गाव घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीच्या थोडं अलीकडे. पुण्याकडचा माणूस बोरघाट उतरला की पहिला विसावा आमच्याकडे घेई आणि पनवेलकडून येणारा घाट चढण्यापूर्वी शेवटचा. बाईंचे यजमान पुण्याचे सावकार. कोकणातून परतताना ते इथे तापाने पडले. परका माणूस, रोग कसला ठाऊक नाही, म्हणून गावात कुणी दार उघडलं नाही आणि ते एका आंब्याखाली पडून वारले. बाईंनी अंगावरचं सोनं मोडून त्याच जागी विहीर खणली, ओवऱ्या बांधल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुपारी भात-आमटी मिळेल अशी सोय लावली. खर्चाला थोडी भातजमीन, गवताचं एक कुरण आणि सरकारातून दरसाल काही रोख रक्कम, तिला वर्षासन म्हणत. इंग्रज सरकारनेही ते चालू ठेवलं, धर्म चालतो आहे तोवर, अशा अटीवर. वहिवाट पाहायला बाईंनी माझ्या पणजोबांना नेमलं, तेव्हापासून ते काम आमच्या घरात. बाईंच्या कागदात दोन गोष्टी बजावून लिहिलेल्या होत्या. येणाऱ्याला नावगाव विचारू नये, आणि धान्य मोजून काढावं पण जेवणारी माणसं मोजू नयेत. जेवणाऱ्याची पानं मोजली की पुण्याला ओहोटी लागते, असं बाईंचं म्हणणं. पहिली गोष्ट पुरती कधीच पाळली गेली नाही. आम्ही विचारलं नाही तरी जेवणारेच एकमेकांना विचारून घेत, आणि कोण ओटीवर बसणार, कोण अंगणात, कोण कुंपणाबाहेर, हे ठरून जाई. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, एवढं लिहून पुढे जाते. दुसरी गोष्ट मात्र अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोळ्यांत तेल घालून पाळली.

सदावर्ताची एक मिळकत कागदात नव्हती. ती दारातल्या दगडी डोणीत पडे. प्रत्येक भरलेली गाडी आमच्या दाराशी थांबायची आणि गाडीवान गाडीत जे असेल त्याची एक मूठ डोणीत टाकायचा. चढणाऱ्या गाड्यांतून मीठ आणि तांदूळ, उतरणाऱ्या गाड्यांतून गहू, हरभरा, तूर, गूळ. सुक्या मासळीवाला तेवढा पैसा टाकी, इतकी पोच त्याला होती. आमच्याकडे हिराजी म्हणून एक कुणबी लाकूडपाणी करायला असे. तो आधी गाडीवान होता, त्याच्या बापानेही जन्मभर घाटात गाडी हाकलेली. तो मला सांगे, "मूठ टाकल्याबिगर बैल घाट चढत नाय, असं आमचा बा बोलायचा. आन् खरंच नाय चढत गं. बैलाला कळतं." संध्याकाळी डोण रिकामी करायची, सुपात घ्यायची आणि आईने नि मी धान्यं वेगळी करत बसायचं. मीठ चिकटलेले गहू धुऊन वाळवावे लागत, तरी पोळी खारट व्हायची. आम्हाला ती खारट पोळीच आवडे. जी धान्यं वेगळी करता येत नसत ती तशीच दळून त्या पिठाची भाकरी व्हायची. तिची चव रोज निराळी, कारण आदल्या दिवशी घाटातून काय गेलं यावर ती अवलंबून.

हे सगळं मी पाहिलं म्हणते खरी, पण त्यातलं अर्धं ऐकलेलंच आहे. मी जाणती झाले तेव्हा डोण रिकामी पडायला लागलेली होती. कर्जतहून आगगाडी घाटात चढू लागली होती. आमच्या परसातून समोरच्या डोंगराकडे पाहिलं की उंचावर धूर दिसायचा आणि पुढचं नि मागचं अशी दोन इंजिनं आळीपाळीने धापा टाकत असल्याचं ऐकू यायचं. आई ताक घुसळताना तो आवाज आला की तिची रवी नकळत त्याच चालीवर चाले आणि मग ती स्वतःवरच वैतागे. आई सांगे की रूळ पडत होते तेव्हा हजारो मजूर घाटात होते, त्यांच्यातले आजारी, पळालेले, मजुरी न मिळालेले आमच्याच दारात यायचे, आणि तीन तीन वेळा भात शिजवावा लागे. ते रूळ पुरे झाले आणि रस्ता ओस पडला. म्हणजे आपल्या पोटावर पाय देणाऱ्यांना आपणच जेवू घातलं, असं आई म्हणायची. अण्णा म्हणत, "ते मजूर होते. रूळ काय त्यांच्या घरचे होते?"

गाड्या थांबल्या तशी डोणीतली मूठ थांबली. बैल नाहीत म्हणून कुरणातलं गवत कुणी घेईना, ते उभ्या उभ्या पिवळं पडून वणव्यात जाई. राहिलं भातजमिनीचं भात आणि वर्षासन. त्यातून अण्णांची म्हणून दरसालची एक नेमणूक, म्हणजे ठरलेला पगार, होती, तिच्यावर आमचं घर चालायचं. अण्णांनी आधी ती अर्धी घ्यायला सुरुवात केली, मग घेईनासेच झाले. यंदा राहू दे, पुढच्या साली एकदम घेऊ, असं ते म्हणत. पुढचं साल कुणी पाहिलंय, असं आई म्हणे आणि कुळथाच्या पिठल्यात आणखी एक तांब्या पाणी ओती. भांडण म्हणून कधी झालं नाही. दोघंही दमलेली होती, आणि दमलेली माणसं भांडत नाहीत, नुसती उसासत राहतात. पुढे वर देशावर दुष्काळ पडला तेव्हा घाटातून पायी माणसं उतरली. गाडीच्या तिकिटाला पैसे नसलेली, पोरं पाठीशी बांधलेली. त्या वर्षी सदावर्तात जितकं होतं तितकं शिजलं, पेरणीचं बी राखलेलं तेसुद्धा. अण्णांना इतकं उत्साहात मी ना आधी पाहिलं ना नंतर. माणसं मरत होती आणि माझा बाप खूश होता, असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण ते खरं आहे. आपल्या असण्याला काही अर्थ आहे असं त्यांना त्या वर्षापुरतं वाटलं.

माझं काम पत्रावळी लावण्याचं. पळसाची पानं हिराजी उन्हाळ्यात आणून टाकायचा, ती वाळवून, दाबून ठेवायची आणि बांबूच्या चोयांनी टाचायची. पंचवीस पत्रावळींची एक गड्डी. अण्णांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला अक्षरं आणि आकडे शिकवले होते. गावात त्याची थट्टा होई. मला आकड्यांचा नाद लागला होता. माणसं मोजायची नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि मी ती मोजतही नव्हते. मी माझं काम मोजत होते. किती गड्ड्या लावल्या, किती संपल्या, याच्या कोळशाने रेघा कोठीच्या दाराच्या आतल्या अंगाला ओढायच्या, खाली महिना लिहायचा. सहा-सात वर्षांत ते दार भरून गेलं होतं. आईला वाटे पोरगी चित्रं काढते. अण्णा कोठीत दिवा घेऊन जात तेव्हा दार आत उघडून भिंतीला टेकलेलं असे, त्यामुळे आतलं अंग त्यांनी कधी पाहिलंच नाही. शेरभर तांदळात चार पानं व्हायची, हा आमच्या स्वयंपाकाचा ठोकताळा होता, आणि मी कधीकधी रेघांवरून तांदूळ काढून बघे. ते जुळले की मला फार बरं वाटायचं. मुलीच्या जातीला बरं वाटण्याच्या गोष्टी तेव्हा फार नव्हत्या.

दुष्काळाच्या पुढच्या हिवाळ्यात माझं लग्न झालं. बारावं लागलेलं होतं, तेव्हाच्या मानाने उशीरच. सासर तळेगावचं, घाटाच्या वर. हुंडा, मानपान, वऱ्हाडाची दोन दिवसांची जेवणं, सगळं रीतसर झालं. एवढे पैसे कुठून आले हे मी विचारलं नाही. मुलींनी असं विचारायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंही नाही. मला हिरव्या लुगड्याचं अप्रूप होतं. लग्नानंतर चार दिवस सासरी राहून मी परत आले. नांदायला जायला अजून अवकाश होता. पुन्हा पत्रावळी, पुन्हा रेघा.

दोन वर्षांनी सरकारचा तपासनीस आला. रस्ता ओस पडल्यावर रस्त्यावरच्या धर्मादायांना पैसे कशाला, असा प्रश्न वर कुणालातरी पडला होता, आणि त्यासाठी हे गृहस्थ गावोगाव फिरत होते. म्हातारे, पोटदुखीने गांजलेले, ताक-भाताखेरीज काही न खाणारे. मला ते वाईट वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. तीन दिवस ते आमच्या ओटीवर बसून अण्णांच्या वह्या बघत होते. वर्षासन बंद झालं तर सदावर्त बंद, आणि सदावर्त बंद झालं तर घरही जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आई स्वयंपाकघरात पळी वाजू न देता वावरत होती. हिराजी अंगणात कारण नसताना लाकडं फोडत बसला होता, ती वर्षभर पुरली असती.

तिसऱ्या दिवशी तपासनिसांनी वही मिटली आणि विचारलं, रोज जेवतात किती? अण्णांनी बाईंच्या कागदातली अट सांगितली. त्यावर ते हसले. म्हणाले, सरकारला पुण्य कळत नाही, आकडा कळतो. तांदळावरून सरासरी काढली तर रोजची पंचवीस-तीस माणसं होतात, तेवढी लिहितो, म्हणजे तुमचं चालू राहायला हरकत येणार नाही. अण्णांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मी माजघरात दाराआड पत्रावळी लावत होते, तिथून मला अण्णांची पाठ दिसत होती. ती हललीसुद्धा नाही. ते म्हणाले, "मी मोजलेली नाहीत. नसलेला आकडा मी कसा सांगू?" तपासनीस कंटाळले. मग हिशेब अपुरा म्हणून लिहावं लागेल, त्याचा अर्थ काय होतो तुम्हाला ठाऊक आहे, असं म्हणत ते पागोटं उचलू लागले.

मला वाटलं, बाप नियमापायी बुडतो आहे आणि त्याला काढण्याची दोरी माझ्या हातात आहे. मी दाराबाहेर आले आणि म्हटलं, "आकडे माझ्याकडे आहेत."

अण्णा वळले. "गोदे, आत जा," म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. पण अण्णांची भीती मी कधी ऐकलेलीच नव्हती, म्हणून मला ती ओळखू आली नाही. तपासनीस म्हणाले, "थांब बाळ, दाखव."

मी त्यांना कोठीच्या दाराशी नेलं. दार भिंतीपासून ओढून अर्धं लोटून घेतलं, हिराजीने दिवा धरला, आणि मी एकेक महिना वाचत गेले. ते वही उघडून ताडून बघत. पहिल्या वर्षाच्या गड्ड्या आणि वहीतले तांदूळ शेराला चार पानं या हिशेबाने जुळले. दुसऱ्या वर्षाचे जुळले. दुष्काळाच्या वर्षाचे, रोज दोनदोनशे पानांचे, तेही जुळले. तपासनीस वळून अण्णांना म्हणाले की इतका चोख हिशेब मी तालुक्यात पाहिला नाही. माझी छाती भरून आली. अण्णा उंबऱ्याशी उभे होते, त्यांनी कोठीत पाऊल टाकलं नाही.

मग कार्तिक आला. मी म्हटलं, तेरा गड्ड्या. ते वहीत बघत थांबले आणि पुन्हा विचारलं. तेरा, मी म्हटलं. मार्गशीर्ष, बारा. ते म्हणाले, तेरा गड्ड्यांची रोजची दहा-अकरा पानं होतात, वहीत तांदूळ पन्नास पानांचे आहेत, तुझं काही चुकलं असेल. मला राग आला. माझ्या रेघा चुकत नाहीत, मी ठसक्यात म्हणाले. पौष, बारा. माघ? माघात नऊच गड्ड्या, आणि मधे आठ दिवस रेघा नाहीत, कारण तेव्हा माझं लग्न होतं.

हे मी बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी दाराकडे तोंड करून उभी होते. मान वळवायचा धीर मला झाला नाही. दिव्याची वात तडतडत होती. हिराजी हळूच म्हणाला, "पोरी, चल भायेर." पण मी हलले नाही. पुढचं सगळं मी त्या रेघांकडे बघत ऐकलं.

तपासनिसांनी तिथेच उभ्याउभ्या बेरीज केली. चार महिन्यांत तीस मण तांदूळ, त्या वेळच्या भावाने एकशे आठ रुपये. मग त्यांनी अण्णांना विचारलं की तुमची नेमणूक किती वर्षांची थकली आहे. अण्णांनी सांगितलं, सहा. ते म्हणाले, मग ही रक्कम त्यातून वळती करून घ्या, उलट सरकारच तुमचं देणं लागेल, आजच्या तारखेने एक ओळ लिहा आणि विषय मिटवा. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती कधी परपुरुषासमोर बोलली नाही, त्या दिवशी बोलली. "लिहा हो," म्हणाली. "हक्काचे आहेत ते."

अण्णा म्हणाले, "नेमणूक मागून घ्यायची असते. मी मागितली नाही. मी तांदूळ विकले आणि जेवणाऱ्यांच्या नावावर लिहिले. जे जेवलेच नाहीत त्यांच्या नावावर." मग म्हणाले, "पुढच्या पिकाला परत घालणार होतो. पीक आलं नाही."

मी ह्या गोष्टीकडे आयुष्यभर उलटसुलट करून पाहिलं आहे. जो माणूस चार महिने वहीत खोटं लिहू शकला, त्याला तोंडाने एक खोटा आकडा का बोलता आला नाही, एक खरी ओळ लिहून का सुटता आलं नाही, हे मला कळलेलं नाही. कधी वाटतं तो त्यांचा चांगुलपणा, कधी वाटतं नुसता ताठा. आईला तो ताठाच वाटला, शेवटपर्यंत. म्हातारपणी मी आईच्या बाजूला झुकत चालले आहे, आणि तसं झुकताना मला लाज वाटते.

तपासनिसांनी जे पाहिलं ते लिहिलं. रोज दहा माणसांसाठी वर्षासन चालू ठेवायचं कारण नाही, असं दोन महिन्यांनी कळलं. जमीन आणि कुरण सरकारात गेलं, घर रिकामं करून द्यायचं ठरलं, आणि एकशे आठ रुपये भरून देण्याचं अण्णांनी लिहून दिलं. त्या दोन महिन्यांत मला घरात कुणी टाकून बोललं नाही. तेच सोसवत नव्हतं. एकदाच, भांडी मोजून ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशी, आई पितळी घंगाळ चिंचेने घासता घासता म्हणाली की मुलीला अक्षर शिकवू नका म्हणून मी सांगत होते. अण्णा ओवरीत बसले होते. ते म्हणाले, "आकडे बरोबर होते तिचे." आईने घंगाळ पालथं घातलं आणि ती विहिरीवर निघून गेली. हिराजीने मला कोठीचं दार धुऊन काढायला पाणी आणून दिलं, पण अण्णांनी तसं करू दिलं नाही. दारही सदावर्ताचं आहे, जसं आहे तसं द्यायचं, म्हणाले.

गवगवा व्हायचा तो झालाच. धर्माचे तांदूळ खाल्ले, असा. तळेगावाहून माणूस येऊन मला घेऊन गेला, आणि मग सासरच्यांनी मला माहेरी धाडणं बंद केलं. पहिला सण गेला, दुसरा गेला. आईवडील कर्जतला स्टेशनाजवळ एक खोली घेऊन राहतात एवढं कळलं होतं. अण्णा काय करतात हे कुणी सांगत नसे. सासूबाईंना ठाऊक होतं, त्यांनी ते एकदा शेजारणीला हळू आवाजात सांगितलं, म्हणून मलाही ठाऊक झालं. अण्णा कर्जत स्टेशनावर पाणी पाजायच्या नोकरीवर होते. हिंदू उतारूंना ब्राह्मणाच्या हातचं पाणी लागतं म्हणून रेल्वे तसा माणूस ठेवायची. महिना आठ रुपये.

लग्नानंतर चारेक वर्षांनी कल्याणला सासूबाईंच्या भावाकडे मुंज होती, तिकडून आम्ही परत येत होतो. मी, सासूबाई आणि माझा लहानगा दीर. कर्जतला गाडी बराच वेळ थांबते, कारण घाटासाठी मागे दुसरं इंजिन लावतात. नेरळ गेल्यावर सासूबाईंनी मला बजावलं की कर्जतला तोंड बाहेर काढायचं नाही. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, चारचौघांत शोभा नको, एवढंच. मी हो म्हटलं. वैशाखाचं ऊन होतं, डबा तापलेला, आणि धाकट्या दिराने वाटेत तांब्या रिकामा करून टाकलेला. गाडी थांबली, दीर 'पाणी, पाणी' करून रडायला लागला. खिडकीशी मी होते. सासूबाईंनीच शेवटी मला तांब्या पुढे करायला सांगितलं.

अण्णा बादली आणि झारी घेऊन डब्यामागून डबा करत येत होते. कमरेला पंचा, डोक्याला काही नाही. उतारूंच्या तोंडाकडे ते बघतच नव्हते, भांड्याच्या तोंडाकडे बघत होते. शेजारच्या खिडकीतल्या कुणी व्यापाऱ्याने पाणी घेऊन पैसा पुढे केला. ज्या माणसाने आमच्या दारात कुणाला हातात पैसा देऊ दिला नव्हता, त्याने तो घेतला, कमरेला खोचला आणि पुढे आला. माझा तांब्या भरून "पुरे?" म्हणून विचारलं. मी "अण्णा" म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. हसले असावेत, दाढीत नीट दिसलं नाही. "बरी आहेस?" म्हणाले. मी बरी आहे म्हटलं, आईचं विचारलं. आईचे गुडघे धरले आहेत, बाकी बरी आहे. तेवढ्यात पुढच्या डब्यातून हाका सुरू झाल्या. दोन वर्षं मी जे म्हणायचं ठरवून ठेवलं होतं, की चुकलं माझं, मी बोलायला नको होतं, ते ओठाशी आलं. पण तेच आधी बोलले. "तेरा महिने राहिले," म्हणाले. "मग सगळे फिटतील. महिन्याला तीन रुपये कचेरीत भरतो, पावती घेतो."

"कुणाला देता अण्णा? सदावर्त तर बंद झालं."

त्यांनी झारी बादलीत बुडवली. "सदावर्त बंद झालं गं," म्हणाले, "पण आपण तांदूळ त्याच्या आधी नेलेत." आणि पुढच्या डब्याकडे गेले. मागचं इंजिन लागलं, धक्का बसला, आणि गाडी सुटली.

पळसदरी मागे पडलं आणि गाडी घाटाला लागली. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दिराला पाणी पाजलं, स्वतः वरून घोटभर प्यायल्या, तांब्या माझ्याकडे दिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हुंडा थोडा कमी घेतला असता, तरी लग्न झालंच असतं." त्यानंतर त्या विषयावर त्या जन्मात कधी बोलल्या नाहीत. तांब्यात अर्ध्याहून जास्त पाणी होतं, आणि माझा घसा कोरडा पडला होता. तळेगाव येईपर्यंत मी तो तांब्या मांडीवर धरून बसले. ते पाणी काही माझ्याने पिववलं नाही.